मॅट, कोबाल्ट आणि थर्मोकोल

नव्वदीच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंगच्या बोर्डाला भोक पडलं, की तो दोघांनी उचलून मासेमारीच्या होड्या बनवणाऱ्या शेडमध्ये न्यायचा. दुरुस्तीला कोणतं साहित्य वापरायचं, हा प्रश्नच नसे. शेडमध्ये असेल ते. पत्र्याखाली पॉलिएस्टर रेझिनचं पिंप, काचतंतूंच्या मॅटचा गुंडाळा आणि दोन बाटल्या : एक जांभळ्या कोबाल्टची, दुसरी पाण्यासारख्या दिसणाऱ्या कॅटॅलिस्टची. या दोन्ही थेट एकमेकींत ओतायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट. हा नियम मात्र कडक, बाकी कारभार अंदाजपंचे. ऊन तापलं असेल तर कॅटॅलिस्ट थोडं कमी, आभाळ आलं असेल तर थोडं जास्त. बोर्ड सकाळी टाकावा आणि दुपारचं वारं सुटेपर्यंत पाण्यात असावा. रेझिनमधल्या स्टायरिनचा तो डोक्यात जाणारा वास कुठेही आला, की मला आजही वाऱ्याची दिशा बघावीशी वाटते.

हे निभत होतं, कारण आमच्याकडचे बरेचसे बोर्ड होडीच्याच जातीचे होते. पोटात पॉलियुरेथेनचा फोम, वरून पॉलिएस्टर आणि काच. अडायचं ते प्लास्टिकच्या सालीच्या बोर्डांपाशी. होईल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोघा कॅलिफोर्नियावाल्यांनी १९६८ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या ‘विंडसर्फर’च्या वंशातले हे बोर्ड. साल पॉलिइथिलीनची, त्यामुळे तिला रेझिन चिकटत नाही, रंग धरत नाही. पण ती आपटून आपटून फुटणार तरी किती? फुटलीच तर जुन्या जेरीकॅनची पट्टी कापायची आणि तापवलेल्या लोखंडाने दोन्ही वितळवून एकजीव करायची. जेरीकॅनही बहुधा पॉलिइथिलीनचाच, म्हणून जमायचं. सांधा दिसायला भयंकर, पण पाणी शिरत नसे. बोर्ड सुबक दिसावा ही अपेक्षा तेव्हा कोणाची नव्हतीच.

आता बोर्ड एकट्याने काखेत मारून नेता येतो. १९९६ ते २००४ या तीन ऑलिंपिकमध्ये धावलेला ‘मिस्ट्रल वन डिझाइन’ ३७२ सेंटिमीटर लांब होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ‘आयक्यूफॉइल’ २२० सेंटिमीटरचा, ९५ सेंटिमीटर रुंद आणि फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर चढून पाण्याच्या वरून जाणारा. हलकेपणाचं गुपित पोटात आहे. आजच्या बहुतेक बोर्डांचा गाभा ईपीएसचा, म्हणजे आपल्या भाषेत थर्मोकोलचा. त्यावर काही मिलिमीटर जाडीचा कडक पीव्हीसी फोम, त्याच्या वर काच किंवा कार्बन, आणि हे सगळं बांधून ठेवणारं इपॉक्सी.

गणपतीचं मखर करताना ज्याने चुकीचा गोंद लावून थर्मोकोलचं चिपाड होताना पाहिलंय, त्याला पुढचं सांगायला नको. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन या गाभ्याला तसंच खातं. वरून ठिगळ घट्ट दिसतं, आत पोकळी. म्हणून आता इपॉक्सीच. आणि इपॉक्सी आलं की मॅटही गेली, कारण होडीच्या नेहमीच्या मॅटमधले तंतू धरून ठेवणारा चिकटा स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठीच असतो. इपॉक्सीत तो तसाच राहतो, मॅट ताठ राहते, वळणावर बसत नाही. त्यामुळे विणलेलं काचेचं कापड आणायचं.

सगळ्यात जड गेलं ते अंदाज सोडणं. इपॉक्सीचं हार्डनर थोडं जास्त घातलं म्हणून काम लवकर होत नाही; प्रमाण चुकलं की ते कायमचं चिवट, चिकट राहतं. शेडमध्ये डिजिटल तराजू आला तो यामुळे. दमट हवेत घट्ट होताना इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने पुसायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा. उलट केलं तर तो थर घासून आतच बसतो. दाबला गेलेला पीव्हीसी नुसत्या लांबीने भरला तर तिथे एक जड, कडक गाठ होते आणि पुढची चीर तिच्या कडेने जाते, त्यामुळे तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा. पण त्याआधी बोर्ड वाळायला हवा. थर्मोकोलच्या मण्यांमधल्या फटींत शिरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे निघत नाही. सकाळी टाकून दुपारी पाण्यात, हे दिवस संपले.

मला मन मारून का होईना, पण नवंच बरं वाटतं. तो जुना धूड बोर्ड वाळूतून ओढताना कंबरेचं काय व्हायचं, ते आठवणींच्या गप्पांत कोणी बोलत नाही. जुन्यातलं मला हवंय ते एवढंच, की कोणत्याही शेडमध्ये कोणताही माणूस बोर्ड आडवा टाकून कामाला लागायचा. आता तो आधी विचारतो, आत काय आहे? ते सांगता आलं नाही तर हात लावत नाही, आणि बरोबरच करतो.

एक वस्तू मात्र तेव्हाही पिशवीत होती आणि आताही आहे : नळाच्या गळतीला लावायचं एम-सील. टोकाला टवका उडाला की दोन गोळे एकत्र मळून दाबायचे आणि तो दिवस काढायचा. तेव्हा आम्ही ते प्लंबरचं किरकोळ सामान म्हणून वापरायचो. पण ते असतं इपॉक्सीच. म्हणजे थर्मोकोलच्या बोर्डाला चालणारा माल आमच्या पिशवीत होता, तसले बोर्ड अजून आमच्या किनाऱ्यावर यायचे होते.