मुंबईला जायला सिंगापूरचा फेरा

शनिवारी रात्री दहाला आम्ही पाच जण ऑनलाइन जमतो. शाळा सांगलीची. आता दोघे सांगलीतच आहेत, एक पुण्यात, एक नाशकात आणि मी बेंगळुरूत, बीटीएम लेआउटमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. 'व्हॅलोरंट' हा ऑनलाइन खेळ म्हणजे आमचा कट्टा. संघ पाच जणांचा लागतो, म्हणून सहसा कुणी दांडी मारत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे लॅग सुरू झाला. भिंतीआडून डोकावावं, तर समोरचा दिसायच्या आत मी मेलेलो असायचो. मित्रांच्या स्क्रीनवर मी अजून भिंतीमागेच उभा. आवाजही तुटायचे. "मागे बघ" यातलं "मागे" मला ऐकूच यायचं नाही. एका शनिवारी पुण्याचा मित्र म्हणाला, "अरे, आज तू बस. पाचवा कुणीतरी घेतो आम्ही." तो चिडून बोलला नव्हता, तरी मला ते फार लागलं.

सगळ्यांनी सांगितलं, मोठा प्लॅन घे. मी १०० एमबीपीएसचा ३०० केला. काडीचा फरक पडला नाही. तक्रार केली, तर कंपनीच्या माणसाने स्पीड टेस्ट लावली, ३०० दाखवले आणि तक्रार बंद केली. तेव्हा कळलं, आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. खेळायला १ एमबीपीएससुद्धा पुरतो. खेळ अडतो तो निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो त्यावर, म्हणजे पिंगवर.

मग वायफाय बंद करून लॅपटॉपला लॅनची केबल लावली. राउटरपर्यंतचा पिंग १ मिलिसेकंद, म्हणजे घरात दोष नव्हता. पुढे निरोप कुठून कुठून जातो ते दाखवणारा 'ट्रेसरूट' चालवला आणि थक्क झालो. आमच्या खेळाचा सर्व्हर मुंबईत, पण माझा निरोप चेन्नईहून सिंगापूरला जाऊन मग मुंबईत पोचत होता. निव्वळ द्राविडी प्राणायाम! काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई रस्त्याने हजारेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं धरून पंचवीस-तीस व्हावेत. मला ९० लागत होते, आणि रात्री दहानंतर काही निरोप वाटेतच हरवायचे. हा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाचा हिशेब मांडतो. माझा निरोप जाऊन येईपर्यंत त्याचे अकरा हिशेब झालेले असायचे.

कंपनी बदलायची ठरवली, पण या वेळी जाहिरात बघून नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कन्नड मुलाकडे वेगळ्या कंपनीची लाइन होती. त्याला विचारून शनिवारीच रात्री दहाला लॅपटॉप आणि केबल घेऊन त्याच्याकडे गेलो. अर्धा तास पिंग मोजला. २४, २६, २५, २६. एकही निरोप हरवला नाही. दुसऱ्या दिवशी ओनरकडे नव्या वायरची परवानगी मागितली. "आयतु," म्हणाले, फक्त भिंतीला नवं भोक पाडू नका.

लाइन जोडायला आलेल्या मुलाने वायर समोरच्या झाडावरून गच्चीवर आणि तिथून खिडकीतून आत घेतली. जमिनीवर मांडी घालून त्याने तंतू सोलला, स्पिरिटने पुसला, कापला. स्प्लायसिंग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली आणि जोड कुठे होता ते दिसेना. पॉवर मीटरवर उणे १९ आकडा आला. "चांगलाय, सर," तो हिंदीत म्हणाला. जुनी लाइन मी तरीही महिनाभर ठेवली. नवीही बिघडली असती, तर पुन्हा बाहेर बसायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या शनिवारी आम्ही ११-१३ ने हरलो. पण शेवटच्या फेरीत सांगलीचा मित्र कुजबुजत बोलत होता, कारण शेजारी त्याची तान्ही मुलगी झोपली होती. तो म्हणाला, "मागे बघ." दोन्ही शब्द ऐकू आले. मी वळलो, तेव्हा समोरचा अजून जिन्यावरच होता.