उतारवयातील सूर

वय झाले की कलावंताने मानाने रंगमंच सोडावा, असे पुष्कळांस वाटते. मला ते पटत नाही. इंग्लंडमधील ‘जेनेसिस’ या रॉक वाद्यवृंदाचे फिल कॉलिन्स मूळचे ड्रमवादक. पुढे मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांच्या हातांना ड्रमच्या काठ्या पेलेनाशा झाल्या. तरीही २६ मार्च २०२२ रोजी लंडन येथे वाद्यवृंदाच्या अखेरच्या मैफलीत, वयाच्या ७१व्या वर्षी, ते खुर्चीत बसून गायले. ड्रमवर त्यांचा मुलगा निकोलस होता. त्या मैफलीची चित्रफीत पाहताना माझी दृष्टी पुनःपुन्हा त्या मुलाकडेच वळे. पित्याच्या हातून सुटलेले काम त्याने उचलले होते. म्हणूनच पिता निश्चिंत मनाने गात होता. विद्यार्थी मित्रहो, वडीलधाऱ्यांनी केव्हा थांबावे हे ठरविण्यापूर्वी, त्यांचे सुटलेले काम आपण उचलले आहे काय, एवढे स्वतःस विचारावे.