लीमसचा खरा दोष

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांवर पोसलेल्या वाचकाला ब्रिटिश हेर ॲलेक लीमस पहिल्या भेटीत पचत नाही. पन्नाशीचा, दारुडा, तिरसट. पूर्व बर्लिनमधला त्याचा शेवटचा कामाचा माणूस सायकलवरून सीमा ओलांडताना त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या खाऊन पडतो. कादंबरी सुरू होते तीच अशी. जॉन ल कारेची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ आली १९६३ साली. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि लेखक स्वतः ब्रिटिश हेरखात्यातला.

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेली प्रत कॉलेजात असताना एका बैठकीत संपवली. लीमस उधार नाकारणाऱ्या दुकानदाराला बदडतो, तुरुंगात जातो. शत्रूने त्याला फितवायला पुढे यावं म्हणून रचलेला हा बनाव, हे कळल्यावर मी त्याच्या हुशारीवर फिदा झालो. पण पिणं, चिडणं, एकटं पडणं यातलं त्याला नव्याने काय शिकायचं होतं? खात्याने त्याचे दोषच कामाला लावले होते.

हे दिसलं नोकरीत मुरल्यावर पुन्हा वाचताना. त्या वाचनात लक्ष गेलं ते त्याच्या साहेबावर, कंट्रोलवर. माणसाला आगीत पाठवतानाही याचा आवाज चढत नाही. अशा साहेबांच्या केबिनमध्ये तोवर मीही बसलो होतो.

शेवट सांगून टाकतो. साठ वर्षांनंतर त्याचं पातक लागत नसावं. पूर्व जर्मन हेरखात्यातला मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस असतो. त्याच्या हाताखालच्या फीडलरला, एका बुद्धिमान, निष्ठावंत ज्यू अधिकाऱ्याला, नेमका तोच संशय आलेला असतो. संशय खरा, म्हणूनच फीडलरचा काटा काढला जातो. लीमस समजत असतो की आपण मुंटला संपवायला आलोय. त्याला धाडलेलं असतं मुंटला वाचवायला. त्याचा खरा दोष दारू नव्हे. आपल्याला खेळ कळतो, ही समजूत.

आणि लिझ. लायब्ररीत काम करणारी, कम्युनिस्ट पक्षावर भाबडा विश्वास असलेली, लीमसला जीव लावणारी. तिला न विचारता डावात ओढतात आणि भिंतीवर गोळी घालतात. लीमस पलीकडे उडी न मारता तिच्याकडे खाली उतरतो. विशीत मला ते शौर्य वाटलं होतं. आता त्याचा रागच येतो: एवढं शहाणपण आधी सुचलं असतं तर?

ल कारेच्याच २०१७च्या ‘अ लेगसी ऑफ स्पाइज’मध्ये लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी खात्याला कोर्टात खेचायला निघतात. कादंबरी म्हणून ती पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही. पण लिझच्या बाजूने अखेर कुणीतरी वकील दिला, याचं मला बरं वाटलं.