वीतभर अंतरावरून

हळदीकुंकवाला गेलं की यजमानीण अगदी जवळ येऊन कुंकू लावते. वीतभर अंतरावरून ती आपल्या तोंडाकडे बघते. इतर बायकांना यात काय वाटायचंय! पण मला त्या एका क्षणाची इतकी धास्ती बसली होती, की दोन संक्रांती मी काही ना काही निमित्त काढून घरीच बसले. कधी डोकं दुखतंय, कधी धाकट्याला ताप. खरं कारण एकच, गालांवरची आणि हनुवटीवरची मुरुमं.

वय चौतीस, पदरात दोन मुलं. “या वयात तारुण्यपीटिका? नवलच बाई!” असं कुणी हसत म्हटलं तरी जिव्हारी लागायचं. सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, साय-हळद लाव. जाऊबाईंनी टूथपेस्ट सांगितली, शेजारच्या काकूंनी लिंबू. मी सगळंच करून बसले. लिंबानं गाल असा चुरचुरला, की मुरुम गेलं पण काळा डाग कित्येक महिने राहिला.

मग झाकपाक सुरू झाली. भाचीच्या लग्नात भिंतीला गिलावा करावा तसे थरावर थर दिले. दुपारपर्यंत घामानं ओघळ आले, आणि फोटोत पाहते तर तोंड पांढरं, मान सावळी! त्याच सुमारास औषधाच्या दुकानातून एक मलम विचारून आणलं. आठ दिवसांत चेहरा लख्ख. मी खूश! पण लावायचं थांबवलं आणि मुरुमं दुपटीनं उठली, वर लाली आणि आग वेगळीच.

शेवटी ह्यांनीच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मलम पाहताच त्या म्हणाल्या, “यात स्टिरॉइड आहे. हे चेहऱ्याला असं लावायचं नसतं.” स्टिरॉइड असलेल्या १४ मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री सरकारनं २०१८ साली बंद केली, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आणि मी मात्र साबण घ्यावा तसं ते घेऊन आले होते!

त्यांनी नीट समजावलं. त्वचेतल्या ग्रंथींमधून तेल येतं. ते आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्र बुजवतात, आत जंतू वाढतात आणि मुरुम येतं. यात अस्वच्छतेचा दोष नसतो. हार्मोन्सचा हात मोठा असतो. म्हणून मोठेपणीही कित्येकींना पाळीच्या आधी हनुवटीवर मुरुमं येतात. पाळी अनियमित असेल, ओठावर लव वाढत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगायचं, कारण काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

मी भीतभीत विचारलं, “मग मेकअप कायमचा बंद का?”

“बंद कशाला? लावा की! फक्त रीतीनं लावा.”

ती रीत अशी. डबीवर ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं पाहून घ्यायचं. रंग मनगटावर न बघता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात बघायचा. गोरं दिसण्यासाठी एक छटा वरची घ्यायची नाही. तोंड धुऊन आधी हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, कारण उन्हानं डाग गडद होतात. मग फक्त डागांवर कन्सीलरचा ठिपका देऊन बोटानं अलगद थोपटायचं, घासायचं नाही. फुटलेल्या, ओल्या पुटकुळीला हात लावायचा नाही. पफ आणि ब्रश आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवायचे, दुसरीचे वापरायचे नाहीत. आणि रात्री कितीही दमलात तरी सगळं काढूनच निजायचं. काढायला खोबरेल तेल नको; त्यानं छिद्रं बुजू शकतात.

पुढच्या संक्रांतीला तीन-चार ठिपके देऊन मी बाहेर पडले. मुरुमं नाहीशी झाली नव्हती. जवळून बघणारीला दिसतच होती. पण पहिल्या घरी कुंकू लावून झालं, वाण घेतलं, गप्पा सुरू झाल्या, आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं की मी एकदाही पदर गालावर ओढला नव्हता. मैत्रिणींनो, मेकअपनं मला सुंदर केलं नाही. मला माझा चेहरा थोडा वेळ विसरू दिला. तेवढंच हवं होतं.

यंदा आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वरच्या मजल्यावरची नवी सून आली. मी कुंकवाचं बोट पुढे केलं तशी तिनं मान किंचित वळवली. गालावर पावडरीचा जाड थर. मी ओळखलं. नजर कपाळावरच ठेवली, कुंकू लावलं आणि म्हटलं, “ये गं, बस. तिळगूळ घे.”

तोंडाला काय लावायचं, ते सांगायला पुढे दिवस आहेतच.