शिक्षा दिलीत, मग कारणही सांगा!

मैत्रिणींनो, मुलानं परीक्षेत कॉपी केली अशी तक्रार आली, तर शाळेत काय होतं? चिठ्ठी जप्त होते, मुलाचा जबाब घेतात, पालकांना बोलावणं जातं. चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं, ते निदान डोळ्यांनी बघता येतं. पण हाच आरोप मोबाईलवरच्या खेळात आला तर? पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटतात, खातं कायमचं बंद होतं, आणि विचारायला समोर माणूसच नसतं.

आमच्या नववीतल्या चिरंजीवांचं गणपतीनंतर असंच झालं. इथं लोट्याला एमआयडीसीच्या शिफ्टवर चालणारी घरं. संध्याकाळी मुलं एकत्र बसून खेळतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ही बातमी कॉलनीभर! ‘चीटर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. ‘आई, मी नाही गं केलं,’ एवढंच म्हणे. खेळ सुटला याचं मला काहीच वाईट वाटलं नाही, पण न केलेल्या गोष्टीचा डाग का लागावा?

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं एका ओळीचं: नियम मोडले, निर्णय अंतिम. केव्हा मोडले, कुठल्या फोनवरून, अवाक्षर नाही. मग घरातच एकेक धागा उलगडत गेले. गणपतीला मुंबईहून आलेल्या मावसभावाला यानं पासवर्ड दिला होता, आणि त्या दादाच्या फोनवर भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारं ‘हॅक’ होतं! हे कळायला तीन आठवडे लागले. कंपनीनं नुसती तारीख आणि फोनचा प्रकार सांगितला असता, तर पाच मिनिटांचं काम होतं.

तेव्हा मी कायदा वाचायला घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढं ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळून आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. गंमत म्हणजे, या कायद्यात नागरिकाचा उल्लेख इंग्रजीत ‘शी’, म्हणजे ‘ती’ असा आहे. पुरुषांनी स्वतःला त्या ‘ती’त धरायचं! नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढं अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ ची मुदत ठेवली.

आता आपल्या कामाचं तेवढं सांगते. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची खात्रीशीर संमती हवी. मुलाच्या माहितीवरचे हक्कही आईवडिलांना बजावता येतात. कंपनीकडे कुठली माहिती आहे, तिचं काय केलं, हे विचारता येतं. चुकीची असेल तर दुरुस्त करून मागता येते. ज्या माहितीवरून कुणाबद्दल निर्णय होणार, ती पुरी आणि अचूक आहे ना, हे पाहणं कंपनीचं काम आहे. तक्रार आधी कंपनीकडे करायची, तिथं दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो; तो मात्र सरकारजमा होतो, आपल्या हाती काही पडत नाही.

पण खोटी आशा धरू नका हं. हा कायदा बंद झालेलं खातं परत मिळवून देत नाही. लबाडी करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार कंपनीला खेळाच्या अटींतूनच मिळतो. पकडण्याची युक्तीही ती सांगणार नाही, नाहीतर चोर तीच वाट चुकवतील. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात, माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्रानं घेतला तर माणसाकडून फेरविचार मागता येतो. आपल्या कायद्यात तसं कलम नाही.

आणखी एक. चोर पकडायचा तर घराची झडती आलीच. २०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या खेळाचं ‘व्हॅनगार्ड’ नावाचं पहारेकरी सॉफ्टवेअर संगणक सुरू होताच जागं होतं, खेळ उघडण्याआधीच. लबाडी रोखायला ते लागत असेलही. पण घरात कोण शिरलंय, हे घरधनिणीला ठाऊक नको? आणि फुकटात मिळणारी ती ‘हॅक’ तर त्याहून वाईट. फोटो, संपर्क, मेसेज, सगळ्याची परवानगी मागतात. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, त्यात असला पाहुणा कशाला?

तेव्हा ओटीपी विचारायला मूल धावत आलं की हातातली पोळी तव्यावरून उतरवा आणि वाचा, कशाला संमती देतोय. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली, ती दादालाही द्यायची नाही, हे मुलाला बजावा. खातं बंद झालंच, तर आधी मुलाला शांतपणे विचारा, ओरडू नका. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र: तारीख, वेळ, कुठलं उपकरण, कुठल्या माहितीवरून हा निर्णय. पत्राची आणि उत्तराची प्रत जपून ठेवा.

मूल चुकलं असेल तर शिक्षा भोगू दे, पण कशाबद्दल ते कळून. शाळेत आपण एवढं मागतोच ना? मग इथंही मागू या.