बोईसरच्या ओट्यावरचा वाद

मैत्रिणींनो, माहेरी जायचं म्हटलं की पिशव्या दोन दिवस आधीच भरायला लागतात, खरं नं? गेल्या दिवाळीला माझ्या पिशव्यांच्या जोडीला एक पाहुणाही होता. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकला आणि तिकडेच नोकरीला लागला. चौदा वर्षांनी आजोळ बघायला निघाला होता. त्याचं आजोळ म्हणजे बोईसर. तुमच्यापैकी पुष्कळजणींना हे नाव तारापूरच्या अणुकेंद्रामुळे तेवढं ऐकून ठाऊक असेल. म्हणून म्हटलं, आज तुम्हालाही तिकडे न्यावं. वाटेत एक वादही ऐकवते.

दादरला गाडी बदलून आम्ही डहाणू लोकल पकडली. विरार मागे पडलं की गाडीचा सूरच बदलतो हं! वैतरणेचा पूल, खाडीवरचा खारा वारा, मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. माझं नवीन लग्न झालं तेव्हा विरारला उतरून शटलची वाट बघत बसावं लागे. एप्रिल 2013 पासून चर्चगेटची लोकल थेट डहाणूपर्यंत जाऊ लागली. गर्दी मात्र तशीच. मासळीच्या टोपल्या, कॉलेजच्या मुली, औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेल्या बायका.

पालघरला गाडी थांबली. भाचा फलाटावरची पाटी वाचून म्हणाला, "मावशी, जिल्हा पालघर? आपला जिल्हा तर ठाणे नं?"

"अरे, ठाणे होता. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला," मी म्हटलं. राज्यातला छत्तिसावा जिल्हा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे आठ तालुके. मोखाड्याच्या माणसाला एका दाखल्यासाठी ठाणं गाठायचं म्हणजे सगळा दिवस मोडायचा. मुख्यालय जव्हारला हवं की पालघरला, यावरूनही तेव्हा पुष्कळ हमरीतुमरी झाली. शेवटी पालघर ठरलं. आता पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला मुख्यालयाच्या मोठ्या इमारती उभ्या आहेत.

घरी पोहोचलो, जेवणं झाली आणि ओट्यावर सुपारी कातरता कातरता हाच विषय निघाला. माझा भाऊ क्रिकेटवेडा. तो म्हणाला, "सरकारने जिल्हा बदलला, पण क्रिकेटमध्ये आम्ही मुंबईचे ते मुंबईचेच!" खरंच आहे ते. पालघर-डहाणू तालुक्यांची क्रीडा संघटना मुंबई क्रिकेट असोसिएशनला जोडलेली आहे. राज्य एक, पण रणजी करंडकाला संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पालघरजवळच्या माहीमचा शार्दुल ठाकूर खेळतो तो मुंबईकडूनच. शाळकरी वयात तो बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. रोजचा लांबचा प्रवास वाचावा म्हणून लाडांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं. 2006 साली हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. मार्च 2024 मध्ये रणजीची अंतिम लढत झाली ती मुंबई आणि विदर्भ यांच्यात. मुंबईने बेचाळिसाव्यांदा करंडक घेतला. पहिल्या डावात मुंबईची घसरगुंडी झाली होती, तेव्हा 75 धावा काढून लाज राखली ती याच मुलाने. "आता हा पालघरचा, मुंबईचा, की महाराष्ट्राचा?" भावाने सुपारी तोंडात टाकत विचारलं.

वहिनी आतून म्हणाली, "तुमचं क्रिकेट राहू द्या. कबड्डीचं विचारा!" माझी वहिनी शाळेत असताना उत्तम खेळायची, बरं का. राज्य स्पर्धेत आता पालघरचा संघ वेगळा उतरतो. तिच्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या संघात शिरावं लागे. निवड चाचणीला पहाटेच्या शटलने जायचं आणि रात्री परतायचं. "वडील म्हणाले, एवढ्या लांब मुलीला धाडायचं नाही. झालं! माझी कबड्डी तिथंच संपली," असं म्हणून तिने दुधाचं पातेलं जरा आपटूनच ठेवलं. जिल्ह्याची रेघ कुठे ओढली जाते याने एखाद्या मुलीचं काय होतं ते मला त्या आवाजावरून कळलं.

भाचा हसत म्हणाला, "मामी, आमच्याकडेही हेच चाललंय!" तिकडे कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे मोठं प्रस्थ. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच. कॉलेजांचे गट पाडलेले असतात आणि शेजारपाजारची कॉलेजं एका गटात खेळत आली. पुढे दूरदर्शनचे कोट्यवधी डॉलर आले आणि ज्या गटात पैसा जास्त तिकडे कॉलेजं निघाली. त्याचं टेक्सास विद्यापीठ 2024 मध्ये गट सोडून दुसरीकडे गेलं. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं, ती आता "अटलांटिक किनारा" नावाच्या गटात खेळतात! आई म्हणाली, "म्हणजे डहाणूच्या मुलीने चंद्रपूरला पाणी भरायला जाण्यातली गत."

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या दोन विद्यापीठांची चुरस 1894 पासूनची. गट वेगळे झाले आणि 2011 नंतर त्यांचा सामनाच होईना. सख्ख्या जावांनी अबोला धरावा तशी तेरा वर्षं गेली. 2024 मध्ये दोघी पुन्हा एका गटात आल्या, तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा डोळे पुसत सामन्याला गेली म्हणे.

मग त्याने फोनवर एक फोटो दाखवला. वीतभर नव्हे, हात हातभर लांब शिंगांचा बैल! हा "बीव्हो", त्यांच्या विद्यापीठाचं जिवंत मानचिन्ह. सामन्याला त्याला मैदानाच्या कडेला उभा करतात. 2019 च्या पहिल्याच दिवशी एका सामन्याआधी हा बीव्हो कठडा मोडून जॉर्जिया विद्यापीठाच्या "अगा" नावाच्या कुत्र्यावर धावून गेला. जनावरांना एवढ्या गोंगाटात आणू नका, असं प्राणिमित्र सांगतात. ही आमची परंपरा आहे, असं चाहते ओरडतात. लुईझियानात तर खरा वाघ! त्यांचा वाघ सामन्याला आणणं बंद झालं होतं, तर 2024 मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी हट्टाने फ्लोरिडाहून दुसराच वाघ पिंजऱ्यातून मैदानावर आणवला. कोलोरॅडोची रानम्हैस मात्र भाग्याची. तिला पळायचीच आवड नाही असं दिसलं, म्हणून 2025 मध्ये तिला निवृत्त केलं.

बैल बघून आमचे हे खुलले. "आमचा राजा काय कमी होता? अलिबागच्या वाळूत वाऱ्यासारखा जायचा!" माझं सासर अलिबागकडचं. मामंजींची शर्यतीची जोडी होती. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली. पुढे राज्याने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानेही तो कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, डॉक्टरांनी बैल तपासावे लागतात आणि चाबूक-पराणीला मनाई आहे. माझ्या दिरांनी पुन्हा जोडी घेतली आहे. ह्यांना शर्यतीला जायचं असतं आणि मी दरवेळी काही तरी निमित्त काढून टाळते.

"मावशी, तू का जात नाहीस?" भाच्याने सरळच विचारलं.

मैत्रिणींनो, इतक्या वर्षांत जे मी ह्यांना सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी माहेरच्या ओट्यावर सांगितलं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. शर्यत जिंकून राजा घरी आला, गुलालाने माखलेला. रात्री पाणी आणायला गोठ्याशी गेले, तर गुलालाखाली रक्त. पराणीच्या आरेने मागचा भाग टोचून टोचून सोलला होता. आणि मामंजी, ज्यांच्यापुढे घरात कुणी मान वर करत नसे, ते कंदिलाच्या उजेडात हळद दाबत होते आणि रडत होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई, घरात बोलू नकोस." त्यांची माया खोटी नव्हती. पण पराणीही त्यांनीच दिली होती नं गाडीवानाच्या हातात! मी तेव्हा सासरी नवी. मुक्याला विचारत नाहीत तसं मलाही कुणी विचारणार नव्हतं. गप्प राहिले.

हे काही बोलले नाहीत. आईने तेवढं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी भावाने चिल्हार रस्त्याने आतल्या एका वारली पाड्यावर नेलं. झाडाखाली वाघदेव होता. उभ्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारशीला त्याची पूजा होते. भाचा कितीतरी वेळ तिथे उभा होता. मग म्हणाला, "मावशी, यांचाही वाघच की! पण याला पिंजरा नाही." वारली चित्रं जगभर नेणारे जिव्या सोमा मशे हेही याच डहाणू भागातले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतही वाघ, बैल, मोर हिंडतात, आणि कुणी त्यांना टोचत नाही.

तुम्ही कधी निघालात तर पावसाळा सरल्यावर निघा. केळवे रोडला उतरून केळव्याचा समुद्र आणि शितलादेवीचं देऊळ एका दिवसात होतं. बोईसरहून तारापूरचा किल्ला आणि चिंचणीचा किनारा गाठता येतो. 1969 पासून वीज देणारं, देशातलं पहिलं अणुकेंद्र लांबूनच बघायचं. त्याच्या पुढच्या वाढीव भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठून दुसरीकडे वसली, हेही तिथं गेल्यावर आठवा. परतताना घोलवडचे चिकू मिळाले तर जरा कडकच घ्या, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत दबत नाहीत. आणि लोकलमध्ये पिशवी मांडीवरच ठेवा हं!

निघताना बोईसरच्या फलाटावर ह्यांनी दिरांना फोन लावला. मी ऐकत नाहीसं दाखवून चिकू मोजत होते. "पराणी घरी ठेवणार असशील, तर दोघंही येतो," हे म्हणत होते. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. गाडी आली, आणि आम्ही पिशव्या उचलल्या.