केरीच्या पायथ्याशी एक रात्र

गोव्याहून बेळगावाकडे परतणाऱ्या प्रवाशास साखळी मागे पडल्यावर केरी हे गाव लागते. जवळच अंजुणे धरणाचा जलाशय पसरलेला आहे आणि त्यामागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. येथून रस्ता रानात शिरतो व वळणे घेत वर चढू लागतो. हाच चोर्ला घाट. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमा या भागात एकमेकींजवळ येतात. माथ्यावर कणकुंबीस मलप्रभा उगम पावते व कृष्णेला मिळण्यासाठी पूर्वेची वाट धरते. अलीकडच्या उतारावरचे पाणी मात्र पश्चिम समुद्राकडे धावते. अशा चढावर गाडीची परीक्षा झाल्यावाचून राहत नाही. आमच्या गाडीची झाली, आणि खरे सांगायचे तर गाडीपेक्षा माझीच अधिक झाली.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. डिसेंबरात आम्हीही गेलो होतो. आमच्याबरोबर गावातील एक सत्तरी ओलांडलेली मावशी, तिची लेक आणि लहान नातू होता. गाडी चालवावयास गावचाच एक तरुण होता. गाडी म्हणजे १९८४ सालची अँबॅसिडर. हे नाव १९५८ साली प्रथम रस्त्यावर आले आणि २०१४ साली त्याचे उत्पादन थांबले. तेव्हा आमची गाडी आता वडीलधाऱ्यांतच मोडते. तथापि आमच्या गावी अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला शेतकरी असो, रात्री-अपरात्री दवाखान्याची वाट हीच गाडी दाखविते. म्हणून तिचे दुखणे हे साऱ्या गावाचे दुखणे.

हे दुखणे दोन महिने चालू होते. गाडी उभ्या जागी थरथरे, सायलेन्सरमधून फटफट आवाज येई आणि चढ आला की तिचा दम सुटे. आमच्याकडे याला ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात. शहरातील एका गॅरेजात कार्बोरेटर दोनदा उघडून झाला, प्लग बदलले, कॉइल बदलली. अखेर तेथील मिस्त्रीने ‘रिंग-पिस्टन गेले, इंजिनाचे काम काढावे लागेल’ असे सांगून पन्नास हजारांच्या घरातला आकडा सांगितला. शाळेच्या कौलांसाठी जमविलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. मी मात्र निराळाच निष्कर्ष काढला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्याला ते मानवत नाही, हे मी कोठेसे वाचले होते. त्यावरून तू वाटेल तेथे पेट्रोल भरतोस म्हणून हे झाले, असे मी त्या तरुणास चारचौघांत बोललो होतो. तो काही बोलला नाही.

जुन्या गोव्याहून माशेलमार्गे साखळीपर्यंत गाडी सपाटीवर बरी धावली. केरीच्या पुढे चढ लागताच ती दुसऱ्या गिअरमध्येही कण्हू लागली. तिसऱ्या वळणावर पहिला गिअर घालूनही ती पुढे जाईना. अंधार पडत होता, नातू पेंगत होता, मावशी जपमाळ ओढीत होती. आम्ही गाडी उतारावर हळूहळू मागे घेतली, वळविली आणि केरीस एका छोट्याशा गॅरेजासमोर उभी केली.

तेथील मिस्त्री साठीचे गृहस्थ होते. मी लगेच पेट्रोल, कार्बोरेटर, पिस्टन अशी सारी कहाणी सुरू केली. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि त्या तरुणास विचारले, “सपाटीवर वेगात कशी चालते? आणि हळू चढवताना कशी?” तो म्हणाला, “वेगात बरी चालते, हळू असली की मरते.” मिस्त्रींनी मान हलविली व बॉनेट उघडले.

इंजिन चालू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने प्लगांच्या तारा एकेक करून काढल्या व परत बसविल्या. (ओल्या हाताने हे कोणी करू नये, झटका चांगलाच बसतो.) काम करणाऱ्या सिलिंडरची तार काढली की इंजिनाचा स्वर उतरलाच पाहिजे. पहिली तार काढताच इंजिन बंद पडू लागले. चौथीलाही तसेच झाले. दुसरी आणि तिसरी काढली तेव्हा मात्र काही फरक पडला नाही. चारांपैकी दोन गडी नुसते बसून होते! या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. त्यामुळे दुसरा व तिसरा निकामी झाला तरी एक आणि चार आळीपाळीने सारख्या अंतराने पेटत राहतात. इंजिन दोन सिलिंडरांचे असल्यासारखे चालते आणि ऐकणारा फसतो.

मग प्लग बाहेर आले. पहिल्या व चौथ्याचे तोंड फिकट तपकिरी होते, मधल्या दोघांचे पेट्रोलने ओले. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. ते ओले प्लग पुसून, लोखंडाला टेकवून, इंजिन फिरविले तेव्हा निळी ठिणगी स्वच्छ उडाली. म्हणजे कॉइल, पॉइंट व तारा निर्दोष होत्या. राहिला दाब. प्लगाच्या भोकावर अंगठा धरून त्यांनी इंजिन फिरवावयास सांगितले. पहिल्या व चौथ्यात अंगठा जोराने उडाला, मधल्या दोहोंत नुसती फुंकर लागली. त्यांनी मलाही अंगठा धरावयास लावला. नंतर त्या दोन भोकांत त्यांनी थोडे थोडे तेल सोडले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून दाब वाढला असता. तो वाढला नाही.

“शेजारचे दोन एकाच वेळी मेले,” ते म्हणाले, “तर दोष दोघांच्या मधल्या भिंतीत. हेडचे गॅस्केट फुटले आहे.” इंजिनाचा ठोकळा व त्यावरील हेड यांच्यामध्ये हे पत्र्याचे पातळ आच्छादन असते. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला अरुंद पट्टा जळाला की एकाचा दाब दुसऱ्यात निसटतो. वेगात इंजिन भराभर फिरते, निसटावयास वेळ कमी मिळतो, म्हणून सपाटीवर गाडी बरी वाटते. पाण्याची वाट शाबूत असल्याने तेलात पाणी उतरले नव्हते, म्हणून कोणाला संशय आला नाही.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, “गाडी कधी जास्त तापली होती का?”

“नाही,” तो तरुण प्रामाणिकपणे म्हणाला.

मी गप्प राहिलो. ऑक्टोबरात तो रजेवर असता मी स्वतः गाडी घेऊन निघालो होतो. जांबोटीजवळ रेडिएटरचा होज पाइप गळू लागला आणि काटा टोकाला गेला. सभेला उशीर होईल म्हणून मी तशीच चार-पाच मैल हाकली, मग पाणी ओतले, पाइप बदलून घेतला आणि कोणाला काही बोललो नाही. खरोखर मीच ते विसरलो होतो, की विसरावेसे वाटले म्हणून विसरलो होतो, हे माझे मलाच सांगता येणार नाही.

“तापली होती,” मी म्हणालो. “मी तापविली.” सारे सांगून टाकले. त्या तरुणाकडे पाहून पेट्रोलविषयीचे माझे शब्दही परत घेतले. तो म्हणाला, “असू दे फादर,” आणि उगाच पाने गोळा करू लागला.

ती रात्र आम्ही मिस्त्रींच्या पडवीत काढली. घरच्या माउलीने सर्वांना पेज वाढली, मावशीला पाठ टेकावयास खाट दिली. सकाळी तो तरुण त्यांची स्कूटर घेऊन साखळीस गेला व गॅस्केट घेऊन आला. हेड उतरले तेव्हा जुन्या गॅस्केटवर दोन भोकांच्या मध्ये काजळीचा काळा ओरखडा स्पष्ट दिसत होता. हेडवर पोलादी पट्टी आडवी-तिडवी ठेवून ते वाकले नाही ना हे त्यांनी पाहिले. नशिबाने वाकले नव्हते. नट त्यांनी मधूनच आवळावयास घेतले व कडेकडे गेले, तेही एका दमात नव्हे, तीन फेऱ्यांत. मग टॅपेट जुळविले, इंजिन गरम करून थंड होऊ दिले, आणि नट पुन्हा तपासले. या थंड होण्याच्या वेळात नातवाने अंगणातल्या कोंबड्या पळवून पळवून दमविल्या. गॅस्केट व मजुरी मिळून जो खर्च झाला तो माझ्या खिशातल्या पैशांत भागला. शाळेची कौले वाचली.

दुपारी आम्ही निघालो. आदल्या दिवशी जेथे गाडी थांबली ते वळण तिने दुसऱ्या गिअरमध्ये घेतले. खाली जलाशय लहान होत गेला, हवा थंड झाली, आणि कणकुंबीला आम्ही पाणी पिण्यासाठी उतरलो. पुढे जांबोटीचा रस्ता लागला तेव्हा तो तरुण समोर पाहतच म्हणाला, “फादर, काट्यावर तुमची नजर असू दे.” मागे बसलेली मावशी हसली. मी घरी पोहोचेपर्यंत काट्यावरून नजर काढली नाही.